छपाईची पीडीएफ काढताना

आधी छापखान्याला विचारा, पीडीएफ-एक्स-१ए हवी की एक्स-४ (हे छपाईच्या पीडीएफचे ठरीव प्रकार). पारदर्शक सावल्या वगैरे असतील तर एक्स-४ बरी. एक्स-१ए त्या सपाट करून, म्हणजे खालच्या चित्रात मिसळून टाकते. 'स्मॉलेस्ट फाइल साइझ' या तयार सेटिंगच्या वाटेला मात्र जाऊच नका, फोटोंचा पार चुरा होतो.

ब्लीड (कापायच्या रेषेबाहेर वाढवलेला भाग) ३ मिमी ठेवा, क्रॉप मार्क (कुठे कापायचं त्या खुणा) लावा. फोटो छापायच्या आकारात ३०० पीपीआय (दर इंचाला पिक्सेल) हवा. १५०चा फोटो ताणून ३०० केला, तर फाइल फुगते, तपशील काही वाढत नाही.

खरी गंमत काळ्या रंगात आहे. वर्डमधून किंवा आरजीबीतून (पडद्याच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगांतून) आलेला काळा मजकूर सीएमवायकेत (छपाईच्या निळसर, किरमिजी, पिवळ्या आणि काळ्या शाईंत) नेला की चारही शाईंत विभागला जातो. मशीनवर एखाद्या शाईची प्लेट केसभर जरी सरकली, तरी बारीक अक्षरांना रंगीत कडा दिसतात. म्हणून मजकूर फक्त 'के', म्हणजे काळी शाई, १०० टक्के. अॅक्रोबॅटच्या आउटपुट प्रीव्ह्यूमध्ये ब्लॅकची खूण काढून पाहा. मजकूर पूर्ण गायब झाला तर ठीक, फिकट उरला तर मूळ फाइलीत परत जाऊन काळा रंग सुधारा.

फॉन्ट एम्बेड झालेत, म्हणजे फाइलमध्येच बसलेत ना, तेही डॉक्युमेंट प्रॉपर्टीजमध्ये तपासा. आणि पानं सुटी द्या, जोडपानं नकोत. इम्पोझिशन, म्हणजे मोठ्या कागदावर पानांची मांडणी, छापखानाच करतो.