दिवसभर स्क्रूच पिळायचे, तर फिजिक्स कशाला?

ऐरोलीहून एका आईचं पत्र आलंय. मुलगा ठाण्यात टीवायबीएस्सीला, विषय फिजिक्स. सुट्टीत महापे एमआयडीसीतल्या एका छोट्या कंपनीत इंटर्नशिप केली. काम काय, तर ऑप्टिकल फायबरच्या टोकासमोर लेन्स बसवून समांतर झोत काढायचा. कंपनी पदवीनंतर नोकरी द्यायला तयार आहे. बाबा म्हणतात, "दिवसभर स्क्रूच पिळायचे, तर फिजिक्स कशाला शिकला?" काका म्हणतात, फायबर येतंच आहे तर घराजवळच्या डेटा सेंटरमध्ये लागू दे.

ताई, नमस्कार.

आधी ते स्क्रू कसले ते पाहू. टेलिकॉमच्या सिंगल मोड फायबरमध्ये प्रकाश जेमतेम 10 मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढ्या वाटेने येतो आणि टोकातून सुटला की फाकतो. स्क्रू फिरवत ते टोक बरोबर लेन्सच्या फोकसवर आणलं तरच पलीकडे समांतर झोत मिळतो. टोक पुढेमागे झालं की झोत फाकतो नाहीतर आवळतो. बाजूला सरकलं तर समांतर राहतो, पण तिरका जातो. लेन्सची फोकल लेंग्थ 11 मिलिमीटर असेल, तर बाजूची 10 मायक्रॉनची चूक 10 मीटरवर 9 मिलिमीटर होऊन दिसते. एवढं करून सगळं जागेवर आणावं, तर यूव्हीखाली ग्लू घट्ट होताना आकसतो आणि टोक पुन्हा हलतं! हा हात सहजी बसत नाही. बाबांना एकदा तिथे घेऊन जा, कंपनी येऊ देत असेल तर.

आता मुलाला एक प्रश्न विचारा. त्याच लेन्समधून 1550 नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाचा साधारण 2 मिलिमीटर रुंद झोत निघतो, पण अलाइनमेंट, म्हणजे टोक आणि लेन्सची जुळणी, बिनचूक असली तरी 10 मीटरवर तो जवळपास सेंटिमीटरभर होतो. असं का? कागद-पेन्सिल घेऊन डिफ्रॅक्शन, म्हणजे प्रकाशाचं आपोआप पसरणं, समजावू लागला, मोठ्या फोकल लेंग्थची लेन्स घेतली तर काय होईल तेही बोलला, तर पोरगा तिथे फिजिक्सच शिकतोय. "सर सांगतात तसं करतो" म्हणाला, तर तो उत्तम ऑपरेटर होईल. त्यात कमीपणा काही नाही, पण डिझाइनच्या टेबलापर्यंत पोचणं अवघड जाईल.

माझं मत विचाराल तर एमएस्सी करू दे. आयआयटीत जायचं तर एमएस्सी प्रवेशाची जॅम परीक्षा फेब्रुवारीत असते, फॉर्म बहुधा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच भरावा लागतो. नाही जमलं तर मुंबई विद्यापीठाचं कलिना आहेच. पुढे गेट ही प्रवेश परीक्षा देऊन ऑप्टोइलेक्ट्रॉनिक्समध्ये, म्हणजे प्रकाश आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या जोडविषयात, एमटेक करता येतं, दिल्ली आयआयटीत आणि कोचीच्या कुसाट विद्यापीठात ते आहे. कंपनीशी मात्र संबंध तोडू नका. सुट्टीत येऊ का, असं त्याने स्वतःच विचारावं. या क्षेत्रात हातही चालतो आणि गणितही येतं अशी मुलं फार थोडी.

काकांचा सल्ला मनापासूनचा आहे, पण डेटा सेंटरमधलं काम नेटवर्क, केबल आणि सर्व्हरचं. लेन्सचा तिथे फारसा संबंध येत नाही.

एक शेवटचं, आणि हे आजच विचारा. 1550 नॅनोमीटरचा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही. लेसर चालू असताना फायबरच्या टोकात डोकावायचं नाही, मायक्रोस्कोपमधून तर मुळीच नाही. कंपनी संरक्षक चष्मा देते का? देत नसेल, तर तिथे एक दिवसही पाठवू नका.