घानामध्ये राष्ट्राध्यक्ष थेट निवडून येतो, मग तिथल्या संसदेला काही अर्थ उरतो का?

उरतो, पण घटना वाचून वाटतो तेवढा नाही. मी काही वर्षं नोकरीनिमित्त तिथल्या कुमासी शहरात होतो, तेव्हा जे पाहिलं-ऐकलं त्यावरून सांगतो.

आजची घटना १९९२ची, अमलात आली ७ जानेवारी १९९३ला. हे चौथं प्रजासत्ताक. आधीची तिन्ही लष्कराने गुंडाळली. शेवटचं गुंडाळलं १९८१च्या ३१ डिसेंबरला, जेरी रॉलिंग्ज यांनी. आणि नवी घटना आली तीही त्यांच्याच राजवटीत, पहिली निवडणूक जिंकले तेही तेच. राष्ट्राध्यक्षाचं पारडं एवढं जड का, याचं निम्मं उत्तर इथेच मिळतं.

राष्ट्राध्यक्षाला निम्म्याहून जास्त मतं लागतात, नाहीतर एकवीस दिवसांत पहिल्या दोघांत पुन्हा लढत. मुदत चार वर्षं, फार तर दोनदा. मुदतीपुरतं हे अमेरिकेसारखं. मग येतं कलम ७८: बहुसंख्य मंत्री खासदारांमधूनच घ्यायचे, आणि मंत्री झाल्यावरही त्यांची खासदारकी शाबूत. म्हणजे सरकारला जाब विचारायचा ज्यांनी, त्यातले कित्येक सरकारातच, आणि सत्ताधारी बाकांवरचे उरलेले मंत्रिपदाच्या फोनची वाट बघत. कॅबिनेट मंत्र्यांची संख्या १९च्या वर जाऊ शकत नाही, पण एकूण मंत्री किती असावेत याला घटनेत मर्यादा नाही. २०१७ साली तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष अकुफो-आडो यांनी ११० जण नेमले!

अपवाद २०२०चा. २७५ जागा, अकुफो-आडो यांच्या एनपीपीला आणि विरोधी एनडीसीला १३७-१३७ आणि एक अपक्ष. सभापतिपदी विरोधी पक्षाचे ॲल्बन बॅगबिन निवडून आले आणि संसदेला एकदम दात फुटले. मोबाइलवरून पैसे पाठवण्यावरच्या कराचं विधेयक आलं तेव्हा सभागृहात अक्षरशः हाणामारी झाली. २०२४च्या निवडणुकीत राष्ट्राध्यक्षपद जिंकलेल्या महामा यांच्याच एनडीसीला दोन तृतीयांशाच्या आसपास जागा मिळाल्या, आणि तो काळ संपला.

जिल्ह्यात उतरलात तरी हात राष्ट्राध्यक्षाचाच. जिल्हा सभेचे ७० टक्के सदस्य निवडून येतात, तेही पक्षचिन्हाशिवाय. ३० टक्के तो नेमतो. जिल्ह्याचा मुख्य कार्यकारीही त्यानेच सुचवायचा, सभेने दोन तृतीयांश मतांनी मान्य करायचा. आपल्याकडे जिल्हा परिषदेचा अध्यक्ष मुंबईहून पाठवला तर काय बोभाटा होईल, कल्पना करा.

जिथे हा हात आखडतो ती जागा म्हणजे पारंपरिक राजे आणि गावप्रमुख. कलम २७० त्यांच्या संस्थेला संरक्षण देतं. कुणाला प्रमुख म्हणून मान्यता द्यायची किंवा काढून घ्यायची, असा कायदा संसदही करू शकत नाही. बदल्यात त्यांनी पक्षीय राजकारणापासून लांब राहायचं. खासदारकी लढवायची असेल तर गादी सोडायची. कुमासीत असांतेहेनेंचा, म्हणजे असांते लोकांच्या राजाचा, शब्द किती चालतो ते बाजारात दोन दिवस फिरलं तरी कळतं. गोदामासाठी जागा हवी म्हणून आम्ही जवळच्या एका गावप्रमुखाकडे गेलो होतो. श्नॅप्स या दारूच्या बाटल्या घेऊन जावं लागतं, रिकाम्या हाती बोलणंच सुरू होत नाही. प्रमुख समोरच बसलेले, पण त्यांच्याशी थेट बोलायचं नाही. राजदंड धरलेला ओक्येआमे मध्ये असतो. आपण त्याला सांगायचं, तो त्यांना सांगतो, उत्तरही त्याच्याच तोंडून. एवढं सगळं करावं लागतं, कारण देशातली बहुतेक जमीन अशा गाद्यांची, कुळांची किंवा कुटुंबांची आहे; आणि परदेशी माणसाला ती मिळते फार तर ५० वर्षांच्या भाडेपट्ट्याने.

गादीच्या जमिनीतून येणाऱ्या पैशाची वाटणीसुद्धा घटनेत आकड्यांसकट लिहिली आहे. १० टक्के प्रशासकीय खर्चाला, आणि उरलेल्यातले २५ टक्के गादीला, २० टक्के पारंपरिक सत्तेला, ५५ टक्के जिल्हा सभेला. त्यामुळे राष्ट्राध्यक्षाने पाठवलेल्या मुख्य कार्यकाऱ्याला प्रमुखाशी जमवून घ्यावंच लागतं, मग राजधानी अक्रात सरकार कुणाचंही असो.