दीड मीटरच्या स्वेलमध्ये विजयदुर्ग ते देवगड एकट्याने कयाकने जाता येईल का?

तुम्ही लिहिलंय की तीन वर्षं पवना आणि मुळशीच्या पाण्यात कयाक चालवली आहे, आता नोव्हेंबरात विजयदुर्गहून देवगडला एकट्याने जायचं आहे, आणि अंदाजात स्वेल, म्हणजे दूरच्या वाऱ्याने उठून आलेल्या लाटा, दीड मीटरचा दिसला तर निघावं का. माझं उत्तर: यंदा निघू नका. हा पट्टा मी चार वेळा केलाय, त्यातले दोन एकट्याने, आणि या किनाऱ्यावर माझा फार जीव आहे. म्हणून जरा सविस्तर सांगतो.

अंतराचा प्रश्नच नाही. वीसेक किलोमीटर तुम्ही तलावात सहज मारत असाल. प्रश्न असा आहे की गिर्येच्या पुढे कातळ थेट पाण्यात उतरतो, आणि तिथे दमलात, उलटलात किंवा पोटात ढवळायला लागलं, तरी उतरायला जागा नाही.

आता त्या दीड मीटरबद्दल. अंदाजात उंचीच्या शेजारी सेकंदांचा एक आकडा असतो, एकामागून येणाऱ्या दोन लाटांमधल्या वेळेचा. नवखे लोक तो वाचतच नाहीत, मी मात्र आधी तोच बघतो. सहा सेकंदांची लाट म्हणजे जवळच्या वाऱ्याने उठवलेलं पाणी. पंधरा सेकंदांची असेल, तर ती हजारो किलोमीटरवरच्या दक्षिण महासागरातल्या वादळातून निघून आलेली असते. खोल पाण्यात तिची लांबी साडेतीनशे मीटर भरते. ती कयाकखालून जाते तेव्हा कुणीतरी अलगद उचलून ठेवल्यासारखं वाटतं, भीती अजिबात वाटत नाही. पण एवढ्या लांब लाटेला तळ फार आधी लागतो. उथळात तिचा वेग कमी होतो, ती उभी राहते, आणि दीड मीटरची लाट खडपावर, म्हणजे पाण्यातल्या खडकावर, दोन-सव्वादोन मीटर होऊन फुटते. शिवाय अंदाजातली उंची ही सगळ्यांत मोठ्या एकतृतीयांश लाटांची सरासरी असते. दिवसभरात एखादी लाट तिच्या जवळजवळ दुप्पट येणारच, आणि तुम्ही नेमके तिच्या वाटेत असू शकता.

केरळच्या मच्छीमारांकडे अशा अचानक येणाऱ्या उधाणाला शब्द आहे, ‘कल्लक्कडल’, चोरपावलांनी येणारा समुद्र. आकाश निरभ्र, वारा नाही, आणि पाणी वाडीत शिरतं. हैदराबादची इन्कॉइस ही समुद्राचे अंदाज देणारी संस्था त्याचे इशारे आपल्या किनाऱ्यासाठीही देते. निघण्याच्या आदल्या रात्री आणि त्या पहाटे ते बघितल्याशिवाय मी कयाक गाडीवरून उतरवत नाही.

नोव्हेंबरपासून आणखी एक गोष्ट सुरू होते. इराणच्या आखाताकडे शमाल वारे सुटले की वायव्येकडूनही स्वेल येतो. नैऋत्येचा आणि वायव्येचा असे दोन स्वेल एकमेकांना छेदतात, त्यात कड्यावर आपटून परत फिरलेलं पाणी मिसळतं. गिर्येच्या कड्यापासून दोनशे मीटरवरसुद्धा पाणी उकळल्यासारखं उड्या मारत असतं. जमिनीच्या समुद्रात घुसलेल्या टोकांवर लाटा वळून एकवटतात, म्हणून प्रत्येक टोक लांबून, बाहेरून घालायचं.

माझ्यावर काय गुदरलं ते सांगतो. फेब्रुवारी होता, लाट सव्वा मीटर, चौदा सेकंद. कडा छान दिसत होता म्हणून मी आत गेलो आणि पाणी प्यायला वल्हं मांडीवर ठेवलं. तेवढ्यात बाजूने पाणी उठलं आणि मी उलटा झालो. पहिला रोल, म्हणजे कयाकमध्ये बसूनच वल्ह्याने परत सरळ होण्याचा प्रयत्न, फसला. दुसऱ्याला वर आलो, तेव्हा कडा मघापेक्षा बराच जवळ आला होता. हात थरथरत होते, म्हणून पुढे दिसलेल्या वाळूच्या छोट्या तुकड्याकडे वळलो. बाहेर जाळं ओढत असलेल्या होडीतून तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख, ओरडले, “हंय येव नको! भायर रव!” मी थांबलो. दोन मिनिटांनी मोठ्या लाटांचा घोळका आला आणि ज्या सपाट पाण्यावरून मी जाणार होतो तिथेच पांढरा होऊन फुटला. नंतर बंदरात भेटल्यावर ते म्हणाले, “थंय खडप आसा. भरतीक दिसना नाय.” तेव्हापासून मी अनोळखी किनारा आधी पूर्ण ओहोटीला, पायी, वरून बघून येतो. गूगलच्या उपग्रहचित्रातही खडपं दिसतात, पण कुठली लाट कुठे फुटते हे चित्र सांगत नाही. गावातला तांडेल सांगतो.

खाडीच्या मुखाला कमी लेखू नका. विजयदुर्गला वाघोटण खाडी आहे, पुढे वाडातरची. ओहोटीचं पाणी जोरात बाहेर येत असताना समोरून स्वेल आला की मुखातल्या लाटा आखडतात आणि उभ्याच्या उभ्या फुटतात. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास तर जास्तच. भांगाच्या, म्हणजे भरती-ओहोटी कमी असण्याच्या दिवसांत, भरतीच्या टोकाला तिथून जावं.

सकाळी मतलई वारा असतो आणि समुद्र आरशासारखा दिसतो. तो वारा जमिनीवरून बाहेर ढकलतो, हे थकल्यावरच कळतं. दुपारी खारा वारा उठून पाणी खवळतं. म्हणून उजाडताना निघून अकराच्या आत देवगडच्या किल्ल्याआडच्या बंदरात शिरायचं.

‘एकट्याने’ या शब्दावरही थोडं थांबा. कौस्तुभ खाडे यांनी गुजरातपासून कन्याकुमारीपर्यंत पश्चिम किनारा कयाकने केला, तेव्हा शांजली शाही जमिनीवरून सायकलने सोबत होत्या. जमिनीवर आपलं माणूस असणं याने एकटेपणाला कमीपणा येत नाही. परदेशी व्हिडिओंत छातीला लावलेलं सॅटेलाइट यंत्र दिसतं, ते आपल्याकडे परवानगीशिवाय बाळगणं बेकायदा आहे, मागवू नका. मोबाइल जलरोधक पिशवीत अंगावर ठेवा, कयाकमध्ये नको. कड्याखाली रेंज जाते हे धरून चाला. सागरी पोलिसांना निघण्याआधी सांगा, तटरक्षक दलाचा १५५४ हा शोध-बचावाचा क्रमांक जमिनीवरच्या माणसाकडे द्या, आणि किती वाजेपर्यंत तुमचा फोन आला नाही तर त्याने तो लावायचा, हे ठरवून ठेवा.

तर मग काय करावं? डिसेंबरात मित्राला घेऊन विजयदुर्गला या. भाड्याने मिळणारी वर बसायची कयाक या कामाची नाही, कमरेला झाकण असलेली, पाच मीटरच्या आसपासची समुद्री कयाक हवी. खाडीच्या आत स्वतःहून उलटा आणि परत आत चढा, दोन्ही बाजूंनी, दमेपर्यंत. ते जमलं की पडवण्याच्या वाळूवर लाटांतून उतरायचा सराव करा. बाहेर थांबून घोळके मोजा, शेवटच्या मोठ्या लाटेच्या पाठीवरून आत या, आडवे झालात तर किनाऱ्याकडे न कलता लाटेवर कला. पाण्यात पडलात तर नेहमी कयाकच्या समुद्राकडच्या बाजूला राहा. पाणी भरलेली कयाक लाटेने अंगावर आली की हाड मोडते.

फुटत्या लाटेत उलटून, कुणाच्या मदतीशिवाय, दहापैकी नऊ वेळा परत बसता आलं की मला इथेच लिहा. मार्चमधला भांगाचा एखादा दिवस बघू. पहिल्या खेपेला मी तुमच्या शंभर मीटर बाहेरून चालेन.