८ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर कॉन्टॅक्टचे सात-आठ ट्रॅक लावले की सगळं अडकतं. नवीन लॅपटॉपच घ्यावा लागेल का?

लगेच घेऊ नका. तुम्ही लिहिलंय की रीपरमध्ये (गाणं रेकॉर्ड आणि मिक्स करायचा प्रोग्रॅम) गणपतीचं गाणं करताय, कॉन्टॅक्टमध्ये (रेकॉर्ड केलेल्या सुरांतून वाद्य वाजवणारं सॉफ्टवेअर) पियानो, स्ट्रिंग्ज, बासरी, तानपुरा, हलगी अशा लायब्ऱ्या, म्हणजे त्या त्या वाद्याच्या सुरांचे संच, उघडल्यात आणि आठवा ट्रॅक लावला की माऊससुद्धा हलत नाही. हे गाणं याच लॅपटॉपवर पुरं होईल. मी इथेच कोल्हापुरात मंगळवार पेठेत एका खोलीत हे काम करतो आणि बरीच वर्षं ८ जीबीवरच काढली आहेत.

आधी दुखणं रॅमचंच आहे ना, ते बघा. गाणं वाजताना चरचर, कटकट आवाज येतो पण बाकी लॅपटॉप ठीक चालतो, तर तो भार प्रोसेसरवर आहे. साउंड कार्डचा बफर (एका वेळी किती आवाज आधी तयार ठेवायचा ते माप) १२८ वरून ५१२ सॅम्पल केला की तो बहुतेक थांबतो. रॅम संपते तेव्हा लक्षणं वेगळी असतात. विंडोज रॅममधला मजकूर डिस्कवर सरकवायला लागतं, साधा फोल्डर उघडायलाही वेळ लागतो, आणि गाणं पहिल्यांदा अडखळत वाजतं पण दुसऱ्यांदा सुरळीत. टास्क मॅनेजरमध्ये ‘मेमरी’ उघडून ‘कमिटेड’चा, म्हणजे सगळ्या प्रोग्रॅमनी मिळून मागितलेल्या मेमरीचा, आकडा बघा. तो ८ च्या पुढे गेला असेल तर खाली लिहिलेलं तुमच्यासाठीच आहे. ब्राउझर मात्र आधी बंद करा. विंडोज आणि ब्राउझर मिळून ३-४ जीबी सहज घेऊन बसतात.

आता ही रॅम जाते कुठे? कॉन्टॅक्ट प्रत्येक सॅम्पलचा, म्हणजे रेकॉर्ड केलेल्या सुराचा, सुरुवातीचा तुकडा रॅममध्ये भरून ठेवतं आणि बाकीचा भाग सूर वाजत असताना डिस्कवरून वाचतं. हा तुकडा साधारण ६० केबीचा असतो. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, स्टीरिओ आवाज सेकंदाला २८८ केबी घेतो, म्हणजे ६० केबी हा सेकंदाचा जेमतेम पाचवा हिस्सा. वाटतं किरकोळ. पण एखाद्या पियानोचा हिशोब मांडून बघा: ८८ पट्ट्या, प्रत्येकीला हळू ते जोरात असे १२ थर, पेडल दाबून आणि न दाबता असे दोन संच, शिवाय तीन माइकचे वेगळे आवाज. झाले ६,३३६ तुकडे आणि सुमारे ३८० एमबी. तुमच्या गाण्यात तो पियानो फार तर वीस-पंचवीस पट्ट्या वाजवतो. म्हणजे जागा अडवली आहे ती न वाजणाऱ्या सुरांनी.

म्हणून पहिलं काम म्हणजे माइक कमी करा. लायब्ररीत जवळचा, मधला, लांबचा असे माइक असतील तर एकच ठेवा, बाकीचे नुसते आवाज कमी करून नव्हे तर बंद करून. दुसरं, लायब्ऱ्या एसएसडीवर असतील तर कॉन्टॅक्टच्या ऑप्शन्समध्ये मेमरीच्या पानावर जाऊन तो तुकडा ६० वरून १२ केबीवर आणा. वरचाच पियानो एका माइकवर आणि १२ केबीवर साधारण २५ एमबीत बसतो. लायब्ऱ्या जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर असतील तर मात्र हे करू नका. तिथे काट्याला जागेवर पोहोचायला वेळ लागतो आणि सूर तुटतात. पाचशे जीबीची साधी एसएसडी घेणं हा अशा वेळी नव्या लॅपटॉपपेक्षा कितीतरी शहाणा खर्च आहे.

तिसरं, पर्ज. इन्स्ट्रुमेंटच्या वरच्या पट्टीत हा मेनू असतो. ‘पर्ज ऑल सॅम्पल्स’ केलं की सगळे तुकडे रॅममधून जातात, मग गाणं एकदा सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजवा. जे सूर लागतील तेवढेच परत भरले जातात. पहिल्या फेरीत काही सूर चुकतील, घाबरू नका. मी अजूनही प्रत्येक स्ट्रिंग्जच्या ट्रॅकवर हे करतो.

एवढं करूनही अडलं तर ट्रॅक फ्रीज करा, म्हणजे वाद्य बाजूला ठेवून त्याचा तयार आवाजच वाजवा. इथे बऱ्याच जणांची एक चूक होते. ट्रॅक म्यूट केला किंवा प्लगइन (रीपरमध्ये जोडलेलं कॉन्टॅक्टसारखं सॉफ्टवेअर) बायपास केलं म्हणजे रॅम सुटली, असं ते धरून चालतात. सुटत नाही. रीपरमध्ये प्लगइन ‘ऑफलाइन’ करावं लागतं किंवा ट्रॅक फ्रीज करावा लागतो. फ्रीज केल्यावर त्याचा ऑडिओ बनतो. चार मिनिटांच्या गाण्याला तो सुमारे ७० एमबी होतो, तोही डिस्कवर, आणि सूर बदलायचा झाला तर अनफ्रीज करता येतं.

हे मी धडपडून शिकलो. राज्य नाट्य स्पर्धेतल्या एका नाटकाचं पार्श्वसंगीत करत होतो. सगळे प्रवेश एकाच प्रोजेक्टमध्ये, प्रत्येकाला वेगळी स्ट्रिंग्ज. रंगीत तालमीच्या आदल्या रात्री प्रोजेक्ट उघडेना, निम्म्यावर येऊन बंद पडायचं. तालमीला मंडळी सकाळी नऊला जमणार होती. शेवटी रीपरच्या ‘ओपन’ खिडकीत खाली प्लगइन ऑफलाइन ठेवून उघडण्याचा पर्याय दिसला, त्यानं प्रोजेक्ट उघडलं, आणि मग एकेक ट्रॅक ऑनलाइन करून, फ्रीज करून पहाटे चारपर्यंत काम संपवलं. तेव्हापासून प्रत्येक प्रवेशाचं प्रोजेक्ट वेगळं, आणि एखादा भाग पटला की त्याच दिवशी फ्रीज.

तुमच्या यादीतल्या दोन वाद्यांबद्दल मात्र माझं मत ठाम आहे. तानपुऱ्याला लायब्ररी कशाला चालू ठेवायची? काळी एक किंवा पांढरी चार, जो गायकाचा सूर असेल, त्यात दोन मिनिटं ऑडिओ करून घ्या आणि लूप करा. तासाभरावर मिरज आहे, ओळखीतल्या कुणाकडे तरी तिथला तानपुरा असेलच. एका सकाळी एका माइकवर घेतलेला तो आवाज मी वर्षानुवर्षं वापरतोय. आणि हलगी! आपल्या कोल्हापुरात राहून हलगी लायब्ररीतून वाजवू नका हो. पेठेत किंवा जवळच्या गावात हलगी, घुमकं, कैताळ वाजवणारी मंडळी आहेत. त्यांना रीतसर मानधन द्या, एका संध्याकाळी बोलवा. रेकॉर्ड केलेला ट्रॅक रॅम जवळजवळ घेतच नाही, आणि हलगीच्या कडेवर काडी पडल्यावर जो आवाज फुटतो तो थर लावलेल्या सॅम्पलमध्ये मला अजून सापडलेला नाही. तुमच्या गाण्याचा जीव तिथेच आहे.

जुनी ३२ बिटची प्लगइन वापरत असाल तर तेही तपासा. ३२ बिटच्या प्रोग्रॅमला ४ जीबीच्या पलीकडचे पत्ते मोजताच येत नाहीत, विंडोजवर बहुधा २ जीबीच मिळतात. मग लॅपटॉपमध्ये ३२ जीबी घातली तरी तो प्रोग्रॅम तिथेच अडणार. शक्य तिथे ६४ बिटची आवृत्ती घ्या.

हे सगळं करूनही रॅम वाढवायची वेळ आली, तर आधी लॅपटॉप उघडून किंवा मॉडेल नंबरवरून बघा की रॅम बोर्डावर पक्की बसवलेली आहे की खाचेत. खाच असेल तर १६ जीबीपर्यंत न्या, शक्यतो ८-८ च्या दोन पट्ट्या. डीडीआर ४ च्या खाचेत डीडीआर ५ बसत नाही, त्यामुळे जुनी पट्टी काढून दुकानात सोबत न्या. अॅपलच्या चिपचे मॅक नंतर वाढवता येत नाहीत, तिथे घेतानाच ठरवावं लागतं.

आज रात्री पियानो आणि स्ट्रिंग्ज या दोनच ट्रॅकवर पर्ज करून बघा. ‘कमिटेड’चा आधीचा आणि नंतरचा आकडा लिहून ठेवा आणि इथे कळवा. लायब्ऱ्या एसएसडीवर आहेत की हार्ड डिस्कवर तेही सांगा, म्हणजे पुढचं नेमकं सांगता येईल.