फुलीवर एका वेळी एकच

तुम्ही लिहिलंय की चिकलठाण्याहून मुंबईला जाताना विमान पट्टीला टेकणार एवढ्यात पुन्हा वर गेलं, घिरट्या घालून वीस मिनिटांनी उतरलं. घरी येऊन नकाशा पाहिला तर मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्यांची चक्क फुली. दुसऱ्या पट्टीवरचं विमान आडवं आलं असेल का, असं विचारताय, आणि आईंनी आता रेल्वेच बरी असं ठरवलंय.

मी विमानतळांच्या कंट्रोल टॉवरात अठ्ठावीस वर्षं काढली, आता परभणीला असतो. आईंना सांगा, तसं झालं असण्याची शक्यता फार कमी. मुंबईत ०९/२७ आणि १४/३२ या क्रमांकांच्या पट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणूनच तिथला बहुतेक कारभार एका वेळी एकाच पट्टीवर चालतो, तोही मुख्य ०९/२७ वर. दोन पट्ट्या असून विमानं दुप्पट नाहीत ती यामुळंच. २०१९ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये नेमका छेदच दुरुस्तीला काढला, तर आठवड्यातले तीन दिवस सकाळी ११ ते संध्याकाळी ५ दोन्ही पट्ट्या बंद ठेवाव्या लागल्या. तुमच्या वेळी बहुधा पुढचं विमान पट्टीवरून वेळेत बाहेर वळलं नसेल. असं टेकता टेकता पुन्हा वर जाण्याला गो-अराउंड म्हणतात. पोटात गोळा येतो खरा, पण टॉवरात त्यावर चहासुद्धा थांबत नाही.

जिथं दोन्ही पट्ट्या एकदम वापरतात, तिथला नियम ऐकायला सोपा आहे. पहिलं विमान फुली ओलांडून गेल्याशिवाय, किंवा उतरलेलं विमान फुलीच्या अलीकडं थांबल्याशिवाय, दुसऱ्याला धावायला सोडायचं नाही. मोंढा नाक्यावर सिग्नल बंद पडला तर माणूस ब्रेक मारतो, एकमेकांना शिव्या देऊन निघून जातो. विमानाला एका वेगानंतर ब्रेक उरत नाही. बोईंग ७३७ उडायच्या बेताला सेकंदाला सत्तर-पंचाहत्तर मीटर कापतं, तिथून थांबायला पट्टी पुरत नाही.

बोस्टनला ९ जून २००५ ला हेच झालं. एअर लिंगसचं एअरबस ३३० एका पट्टीवर, यूएस एअरवेजचं ७३७ तिला छेदणाऱ्या दुसरीवर. दोन पट्ट्यांना दोन कंट्रोलर, दोन वेगळ्या फ्रिक्वेन्सी. एकानं आपल्या बाजूनं दुसऱ्याला 'घे, पट्टी तुझी' म्हणून मोकळीक दिली आणि ते विसरून स्वतःच्या विमानालाही सोडलं. पाच सेकंदांनी दुसऱ्यानंही सोडलं. वैमानिकांना एकमेकांचं बोलणं ऐकूच येत नव्हतं. ७३७ च्या सहवैमानिकाला आडवं येणारं धूड दिसलं. थांबणं शक्य नव्हतं, म्हणून त्यानं दांडा पुढं रेटून नाक खालीच दाबून धरलं आणि कॅप्टनला 'खालीच ठेव' म्हणाला. एअरबस डोक्यावरून गेलं, अंतर अंदाजे १७१ फूट. दोन्हींत मिळून ३८१ माणसं होती. ७३७ फुली ओलांडल्यावर, उरलेल्या पट्टीवरून उडालं. उचलायच्या क्षणी न उचलण्याचं सुचणं, हे मला आजही अचाट वाटतं.

यात फुलीचा दोष थोडा. घात झाला तो 'पट्टी तुझी' या दोन शब्दांत. आमच्याकडं प्रत्येक विमानाची एक स्ट्रिप असते, प्लास्टिकच्या पट्टीत खोचलेला कागद. धावपट्टीवर जीप असली की लाल स्ट्रिप समोर आडवी ठेवायची. एका विमानतळावर (नाव नको) ड्यूटी घेताना मागच्यानं 'रनवे मोकळा' म्हणून खुर्ची सोडली आणि सवयीनं लाल स्ट्रिपही उचलली. मी विमानाला उतरायची परवानगी दिली. तेवढ्यात रेडिओवर पक्षी हाकलणाऱ्या जीपचा ड्रायव्हर: "साहेब, मी अजून आतच हाव." विमान वर पाठवलं. आतल्या प्रवाशांनी नक्कीच तुमच्यासारखं काहीतरी लिहिलं असणार!

टॉवरच नसेल तर काम आणखी अवघड. अमेरिकेत इलिनॉयमधल्या क्विन्सीला १९ नोव्हेंबर १९९६ ला उतरणाऱ्या बीचक्राफ्ट १९०० नं छेदणाऱ्या पट्टीवरच्या विमानाला रेडिओवर विचारलं, तू थांबणार ना? उत्तर आलं, पण ते त्याच्या मागं उभ्या असलेल्या तिसऱ्याच छोट्या विमानाचं होतं, आणि नेमका कॉकपिटमधल्या यंत्राचा आवाज त्यावर पडला. समोरचा थांबलाय असं समजून बीचक्राफ्ट उतरलं आणि फुलीवर दोघं धडकले. दोन्हींतली चौदाच्या चौदा माणसं गेली.

एक मात्र कबूल करतो. गो-अराउंड मी वर म्हटलं तेवढं साधंही नेहमी नसतं. ज्यांच्या पट्ट्या जमिनीवर छेदत नाहीत, पण पुढं हवेत वाटा छेदतात, तिथं वर गेलेलं विमान दुसरीकडून उडालेल्याच्या वाटेत येऊ शकतं. अमेरिकेच्या अपघात तपास मंडळानं २०१३ मध्ये याबद्दल इशारा दिला होता. मुंबईत एका वेळी एकच पट्टी चालू असताना ती भानगड नाही.

आणि आपल्याकडं? चिकलठाणा, नांदेड, लातूर, सगळीकडं एकच पट्टी, फुलीचा प्रश्नच नाही. पण आडवं येणारं विमानच असावं लागतं असं कुठंय? २६ एप्रिल १९९३ ला चिकलठाण्याहून उडालेल्या इंडियन एअरलाइन्सच्या ७३७ ची चाकं पट्टीपलीकडच्या रस्त्यावर कापसाच्या गाठींनी भरलेल्या ट्रकला लागली. ११८ पैकी ५५ गेले. आईंना हे सांगू नका.