कंबर दुखते खरी, मग मनाचा काय संबंध?

“मॅडम, म्हंजे मी सोंग करतोय का?” दिंडोरीकडचे एक द्राक्ष बागायतदार खुर्चीत टेकायच्या आतच म्हणाले. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) चार वर्षांची कंबरदुखी. एमआरआयमध्ये वयाला साजेशी झीज, पायाला ना मुंग्या ना अशक्तपणा. हाडांच्या डॉक्टरांनी समुपदेशन सुचवलं, ते जिव्हारी लागलेलं. जुनं दुखणं घेऊन नाशिकला माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच जणांचा पहिला प्रश्न हाच असतो.

“ताण घेऊ नका” असलं काही मी बोलले नाही. व्यापाऱ्याकडे गेल्या हंगामाचे पैसे अडकलेल्या माणसाला ते ऐकवणं म्हणजे जखमेवर मीठ. एक वही दिली. रोज रात्री दुखण्याला शून्य ते दहा आकडा द्यायचा, शेजारी दिवसभरात काय घडलं ते दोन ओळींत.

तिसऱ्या आठवड्यात ते वही घेऊन आले. सोमवारी ओसरीवर बसून व्यापाऱ्याच्या फोनची वाट पाहिली, फोन आला नाही : ८. बुधवारी गोडी छाटणी, मजुरांबरोबर दिवसभर बागेत : ४.

“सोमवारी तर मी साधी पाटी उचलली नव्हती,” ते हळूच म्हणाले.

मग मी ठिबकचं उदाहरण घेतलं. टाकीत पाणी तेवढंच. कॉक किती उघडा, त्यावर झाडाला किती मिळायचं ते ठरतं. कंबरेकडून निघालेला निरोप मज्जारज्जूतून वर जातो, तसे मेंदूकडून खालीही हुकूम येतात : वाढव, कमी कर. मेलझॅक आणि वॉल या वेदनेचा अभ्यास करणाऱ्या दोन संशोधकांनी १९६५ मध्ये अशाच ‘फाटका’ची कल्पना मांडली. तिचे तपशील पुढे बदलले, गाभा टिकला. भीती, संताप, जागरण यांनी कॉक उघडतो. कामात जीव रमला, माणसांत बसलं की थोडा मिटतो. दुखणं दोन्ही वेळा खरंच असतं.

“मंग पैसे आल्याशिवाय कॉक बंद व्हायचा न्हाई,” ते म्हणाले. मला हसू आलं, आणि ते पुरतं चुकीचंही नव्हतं.

फिजिओथेरपीचे व्यायाम चालूच ठेवले. व्यापाऱ्याला फोन संध्याकाळी एकदाच, तोही धाकट्या भावाला शेजारी बसवून. एरवी मोबाइल घरात.

परवाच्या पानावर होतं : ‘आभाळ आलं. पैसे नाही. ५. बांधावरून दोन चकरा मारल्या.’