घरात हिपॅटायटिस बी असलेली व्यक्ती असेल तर तिची ताट-वाटी वेगळी ठेवावी का?

आपण हिपॅटायटिसचे, म्हणजे विषाणूमुळे यकृताला येणाऱ्या सुजेचे, प्रकार विचारले आहेत, ते कसे पसरतात हे विचारले आहे, आणि गरोदर सुनेच्या रक्तात हिपॅटायटिस बी निघाल्यावर घरच्यांनी तिची ताट-वाटी वेगळी केली ते बरोबर आहे का, असेही विचारले आहे. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. ते बरोबर नाही. तिचे ताट आजच इतर ताटांबरोबर मांडणीत ठेवा.

ए आणि ई हे दोन प्रकार रोग्याच्या विष्ठेने दूषित झालेल्या पाण्यातून व अन्नातून पसरतात. बी, सी आणि डी रक्तातून पसरतात. बी हा शरीरसंबंधातून आणि प्रसूतीच्या वेळी आईकडून बाळालाही जातो, तर डी हा ज्याला बी आहे त्यालाच होऊ शकतो. एकत्र जेवल्याने, उष्टे खाल्ल्याने, एका पेल्यातून पाणी प्यायल्याने किंवा मिठी मारल्याने बी पसरत नाही.

माझ्या धाकट्या बहिणीचे सासर नागपूरच्या महाल भागात आहे. पहिल्या खेपेला तिसऱ्या महिन्यातल्या नेहमीच्या तपासणीत तिचा एचबीएसएजी (रक्तात हिपॅटायटिस बी आहे का हे दाखवणारी तपासणी) पॉझिटिव्ह आला आणि त्याच आठवड्यात तिला स्टीलचे एक ताट, एक वाटी आणि एक पेला नेमून देण्यात आला. स्वयंपाकघरात तिचे जाणे बंद झाले. तिच्या चुलत सासऱ्यांचा घरात फार मान आहे, आणि त्यांचे म्हणणे असे की एका पावसाळ्यात नळाच्या पाण्यात गटाराचे पाणी मिसळले तेव्हा घरातल्या दोन मुलांना पाठोपाठ कावीळ झालेली त्यांनी डोळ्यांनी पाहिली आहे. पाहिले ते खरेच होते, परंतु पाण्यातून आलेल्या त्या काविळीचा नियम त्यांनी रक्तातून पसरणाऱ्या आजाराला लावला. शिवाय ते सर्वांसमक्ष म्हणाले, “पोरगी माहेरूनच रोग घेऊन आली, लग्नाआधी काय केलं ते तिलेच विचारा.”

हे वाक्य मी आजही विसरलेलो नाही. मी आमच्या आईला तपासणीसाठी नेले. तिचाही अहवाल पॉझिटिव्ह आला. तिला आयुष्यात कधी कावीळ झाल्याचे आठवत नव्हते आणि कसला त्रासही नव्हता. माझी बहीण काटोलकडच्या गावी घरीच, सुईणीच्या हातून जन्मली. हिपॅटायटिस बीची लस आपल्या सरकारी लसीकरणात २००२ नंतर टप्प्याटप्प्याने आली आणि २०११ पर्यंत देशभर पोहोचली, म्हणजे तिच्या जन्माच्या वेळी ती मिळण्याचा प्रश्नच नव्हता. जन्मतः संसर्ग झालेल्या दहांपैकी सुमारे नऊ बाळांच्या शरीरात हा विषाणू कायमचा राहतो, तर प्रौढपणी संसर्ग झालेल्या शंभरांपैकी पाचांहून कमी जणांच्या शरीरात तो टिकतो. त्यामुळे ज्या मुलीच्या आईला हा आजार आहे, तिच्या चारित्र्याकडे बोट दाखवणाऱ्या माणसाला मी अज्ञानी म्हणणार नाही. त्याला मी दुष्टच म्हणेन.

प्रसूती एका खाजगी रुग्णालयात झाली. अशा बाळाला पहिल्या १२ तासांत लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनचे, म्हणजे विषाणूशी लढणाऱ्या तयार प्रतिपिंडांचे, इंजेक्शनही द्यावे लागते, हे आधीच सांगून ठेवलेले असताना रात्री तिथे ते उपलब्ध नव्हते आणि “सकाळी बघू” असे उत्तर मिळाले. जावईबापू मेडिकल चौकात दुकाने पालथी घालून बर्फात ठेवलेले इंजेक्शन घेऊन आले आणि पहाटेपूर्वी बाळाच्या एका मांडीत लस व दुसऱ्या मांडीत ते इंजेक्शन दिले गेले. पुढचे डोसही वेळेवर झाले. अंगावरचे दूध पाजायला सासूबाईंचा विरोध होता. डॉक्टरांनी तो मोडून काढला. वर्षाची झाल्यावर केलेल्या तपासणीत भाचीला संसर्ग नव्हता आणि तिच्या रक्तात संरक्षक प्रतिपिंडे तयार झालेली होती.

सासरच्या मंडळींनीही रक्त तपासून घेतले. इतकी वर्षे तिच्या हातचे खाऊनही कोणाला संसर्ग झालेला नव्हता, आणि सर्वांनी लसीचे तीन डोस पूर्ण केले. तपासणीला नकार दिला तो एकट्या चुलत सासऱ्यांनी. ताट वेगळे करणाऱ्या याच घरात दाढीचे रेझर आणि नेलकटर मात्र सर्वांचे एक होते! वाळलेल्या रक्तात हा विषाणू शरीराबाहेर किमान ७ दिवस जिवंत राहतो. वेगळे ठेवायचेच असेल तर रेझर, दात घासायचा ब्रश, नेलकटर आणि सुई वेगळी ठेवा, जखम झाकून ठेवा आणि सांडलेले रक्त ब्लीचने पुसा.

मी डॉक्टर नाही, तेव्हा सुनेला औषध लागेल की नाही हे तिच्या रक्तातील विषाणूचे प्रमाण पाहून तज्ज्ञच ठरवतील. प्रमाण जास्त असल्यास गरोदरपणातच गोळ्या देतात, म्हणून ती तपासणी लांबवू नका. सी प्रकारावर लस नाही, पण ८ ते १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी बहुतेक रुग्ण पूर्ण बरे होतात. ई प्रकार गरोदर स्त्रीच्या जिवावर बेतू शकतो, त्यामुळे पावसाळ्यात तिला उकळलेलेच पाणी द्या. कावीळ उतरवणाऱ्यांकडे कोणी न्यायला निघाले तर स्पष्ट नकार द्या. २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमाखाली सरकारी केंद्रांत तपासणी व औषधे मोफत आहेत. मेडिकलमध्ये, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, जाऊन चौकशी करा. ताटाबद्दल जे सर्वांत जास्त बोलत आहेत त्यांना सोबत घेऊन जा आणि सर्वांत आधी त्यांचा एचबीएसएजी करून घ्या.